महेबूब मिस्तरीनं लाजाळूला ताण दिला

मखमलाबादहून द्राक्षबागांकडं जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान लागतं. त्याला पाटी नाही, आणि पाटीची गरजही नाही. दारात दहा-बारा फवारणीचे पंप पोटं उघडी टाकून पडलेले असतात आणि त्यांच्या मधोमध एक माणूस उकिडवा बसलेला असतो. तोच महेबूब मिस्तरी. साठीला टेकलेला, अंगानं काटक. दाढी मेंदीनं तांबडी, बोटं ग्रीसनं काळी. मेंदी दर जुम्म्याला नवी होते, ग्रीस मात्र चाळीस वर्षांमागचंच असावं.

शाळा सातवीपर्यंत झाली. मग मालेगावात मामाकडं माग दुरुस्त करायला शिकला. मागांच्या खडखडाटानं डोकं उठायला लागलं तसा द्राक्षांच्या मागं नाशकात आला, तो इथलाच झाला. पंपाला तो आधी कान लावतो, मग हात. गिऱ्हाईक पाठीवरचा पंप खाली ठेवतंय न ठेवतंय तोच याचं निदान तयार.

"वाशर जळालाय. कोरडा चालवला ना?"

"नाय हो मिस्तरी, टाकीत पाणी व्हतं."

"टाकीत असंल, पंपात नव्हतं. पाण्याबिगर पंप म्हंजे तेलाबिगर कढई. किती डाव सांगितलं रं, पाणी चढल्याबिगर चालू करू नको?"

हे बोलणं त्यानं आजवर किती बागायतदारांच्या तोंडावर मारलं असेल त्याला गणती नाही. लोक ऐकून घेतात, कारण पंप दुरुस्त होऊन मिळतो.

माणूस असा कामाचा. पण एक खोड वाईट. वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. बिघडलेली उघडली तर कुणी काय बोलणार नाही. हा चांगली चालतीही उघडतो. घरातला मिक्सर बरा चालला होता, तर 'आवाज जरा जाड येतोय' म्हणून उघडला. सासऱ्यानं लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, तेव्हापासून ते वेळ दाखवत नाही, नुसते टोले देतं, तेही त्याच्या मनाला येतील तेव्हा. बायकोची शिलाई मशीन पोरीच्या लग्नाआधी आठ दिवस उघडली. जोडली तेव्हा तीन स्क्रू उरले. ते अजून डबीत आहेत. मशीन टाके घालते, पण कापड पुढं ओढायला दुसरा माणूस लागतो.

हे सगळं सोसणारी बाई म्हणजे रेहाना. घोटीकडची, भाताच्या खाचरात वाढलेली. अंगानं मूठभर, पण जिभेला विळ्याची धार. दुकानाच्या मागंच दोन खोल्यांत संसार. घरात दोघं बोलत ती भाषा धड हिंदी नव्हे आणि धड मराठी नव्हे, म्हणून इथं ती सरळ मराठीतच सांगितलेली बरी.

एकुलती एक पोर आफिया लग्न होऊन मनमाडला गेली आणि घर सुनं झालं. मिस्तरी दिवसभर पंपांत तोंड घालून बसलेला. रेहानानं चहा झाल्याची हाक मारली की तो "हूं" म्हणायचा, आणि त्या हुंकारानंतर चहा थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यानं उठायचा. दोन वर्षांमागं रेहाना माहेरी एका लग्नाला गेली आणि येताना भाताच्या बांधावरून लाजाळूचं एक रोप मुळासकट उपटून घेऊन आली. बांधावर त्याला कुणी विचारत नाही. पायात काटे मोडतात म्हणून बाया शिव्या देऊन उपटून टाकतात. इथं तिनं त्याला गादीवर बसवलं. फुटक्या पंपाची निळी टाकी मधोमध कापली, सात पाण्यांनी धुतली, तळाला भोकं पाडली आणि त्यात लावलं. झाड जोमानं माजलं. जांभळट गोंड्यासारखी फुलं आली. सकाळी पाणी घालताना ती एका पानाला बोट लावायची. पान झपकन मिटायचं, देठ मान टाकायचा, आणि ती मोठ्यानं, दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची,

"एवढं एक हाय या घरात, बोट लावलं की हलणारं. नायतर मी तीस वर्सं हाका मारतीय."

मिस्तरी दुकानातून "हूं" म्हणायचा.

यंदा ईद झाली आणि चौथ्या दिवशी रेहाना मनमाडला निघाली. आफियाचे दिवस भरत आले होते. जावई रेल्वेत, घर स्टेशनजवळ, दवाखाना हाकेवर, म्हणून बाळंतपण तिथंच करायचं ठरलं होतं. म्हणजे रेहाना दोन-अडीच महिने तरी गेली. पिशव्या रिक्षात गेल्या, मग ती मागं फिरली आणि टाकीपाशी उभी राहिली.

"आफियाचे अब्बा, ऐका. सकाळी एक तांब्या पाणी. ऊन सकाळचं द्यायचं, दुपारचं नाय. आन्—"

"आन् काय?"

"उघडायचं नाय."

"झाड कुणी उघडतं का गं?"

"तुमचा काय भरवसा. घड्याळ उघडलं, मशीन उघडली, मी बोलले का?"

"बोललीस की. सहा महिने बोलत व्हतीस."

"मग यावेळी नाय बोलणार." तिचा आवाज एकाएकी खाली आला. "माझी एक वस्तू, आल्यावर व्हती तशी मिळू द्या. एकच. मग मी समजंन की तुमच्या हाती काय तरी ठेवून जाता येतं."

रिक्षा गेली. मिस्तरी जरा वेळ रस्त्यात उभा राहिला. बायको भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणाची सवय होती. ही भांडली नाही, हेच त्याला टोचत राहिलं. त्यानं टाकी उचलली आणि दुकानाच्या दारात, नजरेसमोर आणून ठेवली. इथंच पहिली चूक झाली.

कारण नजरेसमोर जे आहे त्याला हात लागणारच. पहिल्या दिवशी त्यानं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरची मूठ. तिसऱ्या दिवशी पंपाच्या नोझलमधून थेंब-थेंब पाणी पाडून बघितलं. पहिल्या थेंबाला पान मिटलं. उघडल्यावर पुन्हा थेंब, पुन्हा मिटलं. असं वीसेक वेळा झाल्यावर झाडानं दाद देणं सोडलं. थेंब पडतोय आणि पान उघडंच. पण बोट लावलं की लगेच मिटलं.

"वळखायला लागलं," मिस्तरी शेजारच्या धोंडाबाईला म्हणाला. धोंडाबाईची चहाची टपरी दुकानाला लागूनच. "पाण्याचा थेंब काय करत नाय, हे त्याला कळलं. पर माझा हात त्याला ठावं नाय."

"तुमच्या हाताला समदेच भेत्यात मिस्तरी," धोंडाबाई म्हणाली. "माझा स्टोव्ह अजून भेतोय."

पण त्याच्या डोक्यात किडा शिरला होता. हलतं कसं? जे हलतं त्याला काहीतरी हलवतं. तार असेल, स्प्रिंग असेल, पट्टा असेल. माणसाला गोश्त असतं, बैलाला असतं. झाडाला कुठलं गोश्त? चाळीस वर्षांत असा सवाल पडला की त्याचा जबाब पान्यानंच मिळाला होता. पाना शेजारीच पडला होता. पण 'उघडायचं नाय' म्हणून सांगून गेलेली बाई आठवली की हात मागं यायचा. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू न उघडता समजून घ्यायची पाळी त्याच्यावर आली.

मग त्यानं व्हॉल्व्हची बैठक तपासायचं भिंग काढलं आणि झाडासमोर पोटावर पडला. जाणारे-येणारे हसले. त्याला भान नव्हतं. भिंगातून दिसलं की प्रत्येक पानाचा देठ जिथं फांदीला जोडलाय तिथं एक फुगीर गाठ आहे, बाजरीच्या दाण्याएवढी. पानाच्या बारक्या-बारक्या पाकळ्यांच्या मुळाशीही तशीच, अगदी खसखशीएवढी. देठाला टिचकी मारली की देठ मधून कुठंच वाकत नाही. वाकते ती गाठ. आणि वाकताना गाठीची खालची बाजू काळपट पडते, ओल धरल्यासारखी.

ओल! तो उठून बसला.

ट्रॅक्टर उचलायचा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक कोपऱ्यात होता. त्यानं तो पुढं ओढला, दांडी मारून वर चढवला. दहा-पंधरा दांड्या लागल्या. मग चावी ढिली केली. झर्रकन खाली. पुन्हा चढवला, पुन्हा सोडला. तेवढ्यात गेणूनाना आले. तीन एकर द्राक्षबाग, तीस वर्षांचा अनुभव आणि डोक्यावर टोपी जरा वाकडी.

"काय रं, रिकाम्या जॅकाशी खेळतोस?"

"नाना, इकडं बघा. खाली यायला किती वेळ लागला?"

"लागतोय कशाचा."

"आन् वर जायला?"

"वर जायला हात दुखत्यात."

"मग हे बघा." त्यानं पानाला बोट लावलं. पान डोळ्याचं पातं लवतंय तोवर खाली. "आता मोजा वर यायला किती लागतो." दोघं बसले. धोंडाबाईचा चहा आला, पिऊन झाला, नानांची तंबाखू मळून झाली, तेव्हा कुठं देठ पूर्ववत उभा राहिला. "पंधरा मिंटं. स्प्रिंग असती तर दोन्हीला सारखाच वेळ लागला असता. हे पाण्यावर हाय नाना. त्या गाठीत पाणी दाबून भरलंय. बोट लागलं की खालच्या अंगानं पाणी निसटतं, देठ बसतो. मग बिचारं कणाकणानं पुन्हा भरून घेतं. ह्ये झाड न्हाय, पंप हाय!"

गेणूनानांनी झाडाकडं बघितलं, मिस्तरीकडं बघितलं. "वैनी गेल्यापासून तुला जेवण वेळेवर मिळतंय ना?"

पण नानांनी ही गोष्ट बागेबागेत सांगितली, आणि आठ दिवसांत दुकानावर जत्रा लागली. सर्व्हिसिंगला पंप घेऊन येणारा प्रत्येक जण आधी झाडाला बोट लावायचा. काहीजण पंप नसतानाही येत. पोरंसोरं शाळेतून येताना रांगेनं टिचक्या मारून जात. मिस्तरी नको म्हणायचा नाही. उलट भिंग हातात देऊन गाठ दाखवायचा, जॅक वरखाली करायचा, खुशीत यायचा. एरवी लोक त्याच्याकडं बिघाड घेऊन येत, आता नवल बघायला येऊ लागले होते. कुणाला आवडणार नाही?

झाडाला मात्र ते आवडलं नसावं. दोन आठवडे झाले आणि खालची पानं पिवळी पडायला लागली. मिटलेलं पान उघडायला पंधराच्या जागी चाळीस मिनिटं लागू लागली. काही पानं मिटतच नव्हती, नुसती लोंबत होती. मिस्तरीनं गेणूनानांना गाठलं. मिस्तरी पंपाचा राजा, पण जमिनीतून उगवणाऱ्या गोष्टीत नानांचा शब्द म्हणजे निकाल.

नानांनी दोन पानं चिमटीत धरून बघितली. "पाला लय झालाय. थकलंय झाड. ताण दे."

"म्हंजे?"

"अरे, एवढी वर्सं बागायतदारांत काढलीस आन् ताण ठावं नाय? द्राक्षं निघाली की आम्ही काय करतो? पाणी तोडतो. वेलीला उपाशी ठेवतो. मग एप्रिलात खरड छाटणी. फुटीचे दोन डोळे ठेवून समदं साफ. मग बघ कशी धुमारं फेकती. आता तेच दिवस चालूत. माझीबी बाग ताणावर हाय."

"पर ही द्राक्ष नाय नाना."

"वेल काय आन् झाड काय. ताणाबिगर फूट नाय. ही नाशिकची माती हाय."

आता कुणी म्हणेल, मिस्तरीनं हे ऐकलंच कसं? पण त्या भागात राहून बघा. एप्रिल लागला की चहूकडं बागा ताणावर, सगळ्यांच्या तोंडी ताण आणि छाटणी. त्या हवेत दुसरं काही सुचतच नाही. सर्दी झालेल्यालाही तिथं कुणीतरी दोन दिवस पाणी तोडायला सांगेल. मिस्तरीनं तांब्या उपडा ठेवला.

पाच दिवस पाणी बंद. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. सहाव्या दिवशी त्यानं नानांची छाटणीची कात्री आणली, बिस्मिल्ला म्हटलं आणि झाड चार बोटांवर आणलं. दोन डोळे ठेवले. एका बाजूला तीन पानं होती, ती दया येऊन राहू दिली. मग नेहमीच्या सवयीनं त्यातल्या एका पानाला बोट लावलं.

पान हललं नाही.

दुसऱ्याला लावलं. नाही. तिसऱ्याला. टिचकी मारली, फुंकर मारली. काही नाही. त्यानं भिंग घेतलं. बाजरीच्या दाण्यासारखी टपोरी गाठ मनुक्यासारखी सुरकुतली होती. तो बघत राहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पंप खाली ठेवला आणि म्हणालं, "मिस्तरी, परेशरच देत नाय. काय झालं असंल?"

"कोरडा—" मिस्तरीच्या तोंडून सवयीनं शब्द निघाला, आणि अर्ध्यातच अडकला.

त्यानं हळूच भिंग खाली ठेवलं. कोरडा चालवू नका म्हणून साऱ्या मुलखाला ओरडून सांगणारा माणूस. पंप आहे, पाण्यावर चालतो, हे स्वतःच शोधून काढलेलं. येईल त्याला जॅक दाखवलेला. आणि पाच दिवस त्याच पंपाचं पाणी तोडून बसला, वर रोज बोट लावून चालवून बघत होता.

"मिस्तरी? वाशर गेला का?"

"डोकं गेलं," मिस्तरी म्हणाला. "माझं. तुझा पंप उद्या ने."

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. टाकी घमेल्यातल्या पाण्यात ठेवली, तळाच्या भोकांनी माती पाणी पिऊ लागली. वरून ओल्या गोणपाटाची सावली केली. चमच्यानं पाणी, सकाळ-संध्याकाळ. दारातून हलवून मागच्या मोरीजवळ गारव्याला ठेवली आणि वर पुठ्ठा टांगला: 'काम चालू आहे. हात लावू नये.' स्वतःचा हातही त्यानं लावला नाही. दिवसातून दहादा भिंग घेऊन जायचा, हात पाठीमागं बांधून वाकायचा, गाठ बघायचा आणि परत यायचा.

चौथ्या दिवशी गाठीवरची एक सुरकुती गेली. आठव्या दिवशी एका डोळ्यातून हिरवा टिपका दिसला. तोवर आफियाला मुलगी झाली. फोनवर बातमी आली तेव्हा मिस्तरीनं धोंडाबाईच्या टपरीवरच्या सगळ्यांना चहा पाजला. पण फोन म्हटला की त्याला आता घामही फुटायचा, कारण रेहाना व्हिडिओवर बोलायची आणि शेवटी म्हणायचीच, "झाड दाखवा."

त्यानं एक युक्ती केली होती. लाजाळू दिवस मावळला की आपोआप मिटते. म्हणून तो मगरीबची नमाज झाल्यावरच फोन लावायचा, आणि अंधूक उजेडात, लांबून, टाकीची कड दाखवायचा.

"झोपलंय," तो म्हणायचा.

"एवढं बारीक दिसतंय?"

"झोपल्यावर माणूसबी बारीक दिसतं."

"सकाळी का नाय फोन करत?"

"सकाळी गिऱ्हाईक असतं गं."

पहिल्या दिवशी हे जमलं. दुसऱ्या दिवशीही जमलं. पण खोटं बोलण्यात मिस्तरीचा हात बसलेला नव्हता, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर त्याला जेवण जाईना. धोंडाबाईनं ते ओळखलं.

"येवढं काय त्यात? गंगापूर रोडला नर्सऱ्या काय कमी हायत का? एक आणा, तिच्या टाकीत लावा. लाजाळूसारखी लाजाळू. कोण वळखतंय?"

मिस्तरी गेला. खरंच गेला. नर्सरीत हिरव्या जाळीखाली लाजाळूच्या दहा-बारा पिशव्या होत्या, टवटवीत, फुलावर आलेल्या. एक पिशवी उचलून त्यानं उन्हात धरली. गाठी टपोऱ्या. हुबेहूब. माळ्यानं विचारलं, "देऊ का चाचा?"

चाळीस वर्षांत मिस्तरीनं कुणाच्या पंपात डुप्लिकेट पार्ट टाकून ओरिजिनल म्हणून सांगितलं नव्हतं. बाजारातले सगळे तेच करतात, गिऱ्हाइकाला कळतही नाही. एखादा भोळा बागायतदार फसला तर कुणाला सांगणार? तरी नाही. आणि पहिला डुप्लिकेट टाकायचा तो बायकोला? त्यानं पिशवी परत जाळीखाली ठेवली.

"नको," म्हणाला. "आमचं दुरुस्तीला हाय."

रविवारी नात बघायला मनमाडला जायचं होतं. त्यानं शनिवारीच ठरवलं, टाकी बरोबर न्यायची. सांगायचं ते तोंडावर सांगायचं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. निळी टाकी मांडीवर. त्यात चार बोटांचा खुंट, दोन कोवळे धुमारे, सगळी मिळून नऊ पानं. गाडी हलली आणि पहिल्या खड्ड्यालाच नऊच्या नऊ पानं मिटली. जरा उघडायला लागली की दुसरा खड्डा. चांदवडपर्यंत हेच. शेजारच्या आजीबाई हळहळल्या.

"भाऊ, वाळलेलं काटुक कुठं घेऊन चाललास रं?"

"वाळलं नाय आजी. गाडीला भेलंय."

मनमाडला दार रेहानानंच उघडलं. खांद्यावर दुपटं, केस विस्कटलेले, बाळंतिणीच्या मागं धावून चेहरा उतरलेला. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. टाकीकडं बघितलं. मिटलेल्या पानांचा खुंट बघितला.

"हे काय?"

"तुझं झाड."

"माझं झाड एवढं व्हतं." तिनं कमरेपर्यंत हात धरला.

"छाटलं."

"कुणी?"

"मी."

मिस्तरी दारातच उभा. आतून आफियाचा आवाज आला, "अब्बा आले का? आत तरी घे त्यांना अम्मी." रेहाना बाजूला झाली. मिस्तरीनं नात बघितली, तिच्या कानात दुवा पुटपुटली, आफियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा ओट्यावर येऊन टाकीपाशी बसला. रेहाना तिथंच बसली होती, मिटलेल्या पानांकडं बघत.

"मेलंय," ती म्हणाली.

"नाय. पंधरा मिंटं थांब. गाडीच्या धक्क्यानं मिटलंय. हात लावू नको."

"मला शिकवता?"

"थांब तर."

मग ते दोघं थांबले. थांबता-थांबता मिस्तरीनं सगळं सांगितलं. दुकानाच्या दारात ठेवल्यापासून. नोझल, भिंग, गाठ, जॅक, जत्रा, पिवळी पानं, नानांचा ताण, कात्री. तिन्हीसांजेचे फोनसुद्धा सांगितले. नर्सरीही सांगितली. मधेच त्यानं बोटांनी गाठ करून दाखवली, पाणी कुठून निसटतं, परत कसं चढतं. रेहाना ऐकत होती. तीस वर्षांत हा माणूस एका दमात एवढं बोलला नव्हता.

"उघडलं नाय मात्र," तो शेवटी म्हणाला. "कसम घेतो."

"उघडलं असतं तर बरं झालं असतं. पाणी तरी दिसलं असतं," ती म्हणाली. "अहो, भाताच्या बांधावर उन्हाळ्यात हे मान टाकून पडलेलं असतं आन् मिरगाचं पाणी लागलं की हात लावून घेत नाय, लगेच मिटतं. पाण्यावर हाय हे घोटीच्या शेंबड्या पोराला ठावं. तुम्हाला भिंग लागलं."

"मग सांगितलं का नाय?"

"सकाळी एक तांब्या पाणी, म्हणून काय कव्वाली सांगितली व्हती?"

तेवढ्यात रेहानानं त्याचं मनगट धरलं. एका धुमाऱ्यावरच्या पानाची पाकळी सुटत होती. मग तिच्या जोडीची. कुणी मोजून चावी फिरवावी तसा देठ एक-एक कण वर येत होता. आतून नात रडली, आफिया तिला थोपटत होती, आणि ओट्यावर हे दोघं आजा-आजी कुणी श्वास मोठ्यानं घेऊ नये अशा बेतानं बसलेले. शेवटचं नववं पान उघडलं तेव्हा रेहानाचं बोट नकळत पुढं गेलं. पानापासून अर्ध्या बोटावर थांबलं. तिनं ते मागं घेतलं आणि पदराला पुसलं.

"आत्ताच भरलंय," ती म्हणाली. "राहू दे."

दुपारी जेवणं झाली. निघताना मिस्तरीनं टाकी उचलून खिडकीत, सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवायला घेतली.

"तिथं कुठं ठेवता?"

"मग? तुझ्याजवळच राहील ना आता."

"मी इथं पोरीचं लंगोट धुवू का तुमचं झाड सांभाळू? अजून चाळीस दिवस काढायचेत मला." तिनं टाकी त्याच्या हातातून घेतली, चूळभर पाणी घातलं, कडेचा चिखल बोटानं पुसला आणि परत त्याच्याच हातात दिली. "न्या परत. आन् त्या गेणूनानांना म्हणावं, पयले तुमच्या घरातल्यांना ताण द्या, मग आमच्याकडं या."

मिस्तरी टाकी धरून उभा राहिला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, पण आज बोलायचा कोटा संपला होता. दोन्ही हात गुंतलेले बघून रेहानानं जेवणाचा डबा त्याच्या कोपरात अडकवला.

"निघा. गाडी जाईल."

स्टँडाकडं जाताना रिक्षावाल्यानं हाक मारली, "चला चाचा, बसा." मिस्तरीनं नको म्हणून मान हलवली. रिक्षा लय आदळते. तो पायीच निघाला, रस्त्याच्या सावलीच्या अंगानं, पाय न आपटता, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखा. दोन चौक गेला तरी नऊच्या नऊ पानं उघडी होती.